शरभ: गडाच्या दारावरचा प्राणी, आणि माझी एक चूक

(हा आमच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेले "म्हणजे", "अं" आणि शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.)

आजचा भाग एका प्राण्यावर आहे. तो कधी कुणी पाहिलेला नाही, पण तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या फोनमध्ये त्याचा फोटो असणार. तुम्ही किल्ल्यावर गेलात, दरवाज्यापाशी ग्रुप फोटो काढलात आणि मागे भिंतीवर वाघासारखं काहीतरी कोरलेलं आलं. पंजाखाली हत्ती, शेपटी वर वळलेली. तोच हा. त्याचं नाव शरभ.

पण आधी एक कबुली देतो, कारण हा भाग तिच्यामुळेच झालाय.

समुद्री किल्ल्यांवरच्या एका जुन्या भागात मी जंजिऱ्याबद्दल बोललो होतो. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसायचं, मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि दिसला की भिंतीवर तो प्राणी दिसतो, वगैरे. आणि मग मी अगदी ठासून म्हणालो होतो, "हे हत्ती म्हणजे दख्खनच्या शाह्या. आम्ही सगळ्यांना पंजाखाली ठेवलंय, असं किल्लेदार सांगतोय." ऐकायला भारी वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

दोन महिन्यांनी एका मुलीचा मेल आला. मुरूडच्या बाजूची, कॉलेजात शिकणारी. तिनं लिहिलं होतं, "दादा, तुमचा आवाज दोन रीलवर फिरतोय. एकात खाली लिहिलंय की हा प्राणी म्हणजे हिंदू राजांना चिरडल्याची खूण आहे. दुसऱ्यात लिहिलंय की हा प्राणी पुराणातला आहे, म्हणजे किल्ला मुळात आमचाच. दोन्हीकडे कमेंटमध्ये शिव्या चालल्यात आणि त्यात आमच्या गावातली माणसं आहेत. एवढंच विचारायचं होतं, हत्ती म्हणजे शाह्या हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी उत्तर लिहायला बसलो आणि लक्षात आलं की मला हे कुणीच सांगितलेलं नाही. म्हणजे होडीत एका गाईडनं सांगितलं होतं, आणि तेच पूर्वी एका फॉरवर्डमध्ये वाचलं होतं. बस्स, एवढंच. शिलालेख नाही, पत्र नाही, बखर नाही. मग मी कामाला लागलो. जे सापडलं ते आज सांगतो.

सुरुवात बोकडापासून

आजच्या शरभाला पंजे आहेत, सुळे आहेत. पण सगळ्यात जुन्या ग्रंथांत तो असा नाहीच. ऐतरेय ब्राह्मणात यज्ञाबद्दल एक कथा आहे. देवांनी यज्ञासाठी एकामागून एक पशू घेतले: माणूस, घोडा, बैल, मेंढा, बोकड. प्रत्येक वेळी त्या पशूतलं यज्ञाला लागणारं सत्त्व निघून पुढच्या पशूत जायचं, आणि जो मागे उरला तो कुठलातरी रानटी प्राणी व्हायचा. बोकडातलं सत्त्व निघून गेलं तेव्हा जो उरला, तो शरभ.

म्हणजे हा रानातला, बोकडाच्या कुळातला कुणीतरी. डोंगरावर उड्या मारणारा एखादा प्राणी डोळ्यांसमोर आणा. पुढे अमरकोशातसुद्धा शरभाचं नाव गवा आणि ससा अशा साध्यासुध्या प्राण्यांच्या रांगेत येतं. तिथे त्याच्याभोवती काहीही चमत्कार नाही.

बौद्ध जातककथांमध्ये तर शरभ हा खुद्द बोधिसत्त्व आहे, आणि ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. एक राजा घोड्यावरून त्याची शिकार करायला मागे लागतो. शरभ पळतो, वाटेत खड्डा येतो, शरभ उडी मारून पार होतो आणि राजा त्यात पडतो. मागून येणारा आवाज थांबला म्हणून शरभ वळून बघतो, परत येतो, आणि ज्याच्या हातून मरायचं होतं त्याच राजाला खड्ड्यातून बाहेर काढतो. आर्यशूराच्या 'जातकमाला' या संस्कृत ग्रंथातही ही कथा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

कुत्र्याचा शरभ कसा झाला

आता महाभारत. शांतिपर्वात, युद्ध संपल्यावर, बाणांच्या शय्येवरचे भीष्म युधिष्ठिराला राज्य कसं चालवायचं ते सांगतायत, आणि त्यात ही गोष्ट येते.

रानात एक ऋषी राहतो. त्याच्याजवळ एक कुत्रा आहे, कंदमुळं खाऊन राहणारा, ऋषीवर जीव लावणारा. एक दिवस बिबळ्या येतो. कुत्रा घाबरून ऋषीकडे धावतो. ऋषी म्हणतो घाबरू नकोस, आणि त्यालाच बिबळ्या करतो. मग वाघ येतो, तर ऋषी त्याला वाघ करतो. मग माजलेला हत्ती येतो, ऋषी त्याला हत्ती करतो. मग सिंह येतो, ऋषी त्याला सिंह करतो. आणि शेवटी सिंहालाही मारणारा एक प्राणी येतो: आठ पायांचा, वर डोळे असलेला शरभ. ऋषी कुत्र्याला शरभ करतो.

आता याच्यावर कुणीच नाही. रानातले सगळे प्राणी पळून जातात. आणि मग या शरभाच्या मनात येतं की ऋषीलाच खावं. ऋषीला ते तपाच्या बळावर कळतं, आणि तो त्याला परत कुत्रा करून आश्रमातून हाकलून देतो.

उंदराचा वाघ आणि वाघाचा पुन्हा उंदीर ही हितोपदेशातली गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. ती हिचीच नातेवाईक.

भीष्मांच्या तोंडी या गोष्टीचा अर्थ असा आहे की राजानं हलक्या नोकराला त्याच्या पायरीपेक्षा वर चढवू नये. खरं सांगू? आज ऐकताना हे तात्पर्य मला खटकतं. कोणाची पायरी कोणी ठरवायची, हा प्रश्न आपल्या समाजात फार जणांनी फार मोठी किंमत देऊन विचारलाय. त्यामुळे मी गोष्ट ऐकतो, पण तात्पर्य तसंच उचलत नाही.

मी बघतो ते दुसरंच काहीतरी. तो कुत्रा एकदाही "मला मोठं व्हायचंय" म्हणत नाही. प्रत्येक वेळी तो घाबरलेला असतो. बिबळ्याची भीती, वाघाची भीती, हत्तीची भीती. समोर जो आला त्याच्यापेक्षा तगडं व्हायचं, एवढंच प्रत्येक पायरीला चाललंय. शरभ हा त्या जिन्याचा शेवटचा टप्पा. आणि तिथे पोचल्यावर ज्यानं जीव वाचवला त्याच्यावरच त्याची नजर जाते.

हा जिना डोक्यात ठेवा, कारण पुढे तो पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

देवांचा जिना

पुढची पायरी पुराणांची. नरसिंहानं हिरण्यकशिपूला मारलं ते तुम्हाला माहीत आहे. शैवांच्या लिंगपुराणात आणि शिवपुराणात ती गोष्ट पुढे जाते. दैत्य मेला, तरी नरसिंहाचा राग शांत होईना, जग जळायला लागलं. मग शंकरानं वीरभद्राला पाठवलं, त्याचंही चालेना, तेव्हा शरभाचं रूप आलं: अर्धा पशू, अर्धा पक्षी, पंख असलेला, नरसिंहाला उचलून नेणारा. बोकडाच्या कुळातला तो प्राणी आता थेट देव झाला.

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर आहे. चोळ राजा दुसरा राजराज याच्या काळातलं, बाराव्या शतकातलं, आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे शरभरूपातल्या शिवाची मूर्ती आहे. तिथून जवळच त्रिभुवनम गावात तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या काळातलं कंपहरेश्वर मंदिर आहे, तिथे शरभाला स्वतंत्र गाभारा आहे आणि आजही पूजा चालते. देवळाचं नाव बघा: कंप हरण करणारा, म्हणजे थरथर घालवणारा. पुन्हा भीतीच! (आणि हो, हा सगळा भाग तंजावरच्या शेजारचा. व्यंकोजीराजांच्या वंशानं जिथे राज्य केलं ते तंजावर. त्या बाजूला गेलात तर दोन्ही देवळं एका दिवसात होतात.)

आता वैष्णव गप्प बसतील का? त्यांच्या परंपरेत पुढची गोष्ट आली. शरभ आला म्हणून नरसिंहानं त्याहून मोठं रूप घेतलं: गंडभेरुंड, दोन तोंडांचा प्रचंड पक्षी. त्यानं शरभाला फाडलं. म्हणजे सिंहाच्या वर शरभ, शरभाच्या वर गंडभेरुंड. जिना चढतोच आहे.

गंडभेरुंडाचा माग मात्र दगडात नीट लागतो. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात बळ्ळिगावी म्हणून गाव आहे. तिथे चालुक्यांच्या काळातला, १०४७ सालचा एक उंच स्तंभ आहे आणि त्याच्या माथ्यावर माणसाचं अंग आणि दोन पक्षीमुखं असलेला गंडभेरुंड आहे. पुढे विजयनगरच्या अच्युतरायानं, म्हणजे १५२९ नंतर, सोन्याच्या नाण्यावर गंडभेरुंड आणला. आणि या पक्ष्याच्या चोचीत आणि पंजात काय आहे सांगा बघू? हत्ती!

इथे मी थांबलो. कारण जंजिऱ्याच्या दारावरचं चित्र हेच. प्राणी वेगळा, पण मांडणी तीच. मोठा प्राणी, आणि त्याच्या पकडीत खेळण्याएवढे हत्ती.

हत्ती कुणाचे?

मग मी नकाशा काढून बसलो आणि असा प्राणी कुठे कुठे आहे ते बघत गेलो.

जंजिऱ्यावर आहे, म्हणजे सिद्दींच्या किल्ल्यावर. रायगडावर आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राजधानीत. शिवनेरीवर आहे. देवगिरीवर, म्हणजे दौलताबादला आहे. बीदरच्या किल्ल्याच्या एका दरवाज्याचं नावच शर्झा दरवाजा, कारण त्याच्यावर असे दोन प्राणी कोरलेत. 'शर्झा' हा फारसीतला शब्द, अर्थ खवळलेला, चवताळलेला. सिंहाच्या नावापुढे तो लावतात. विजापूरच्या तटावर शर्झा बुरूज आहे, त्याच्यावरही सिंह आहेत.

आणि त्या शर्झा बुरुजावर ठेवलीय मलिक-ए-मैदान तोफ. ती १५४९ साली अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, निजामशाहीत ओतली गेली. ओतणारा होता रूमी, म्हणजे तुर्कस्तानाकडून आलेला कारागीर. वजन सुमारे ५५ टन. ती आधी परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून १६३२ च्या सुमारास विजापूरला नेली. इंग्रजांच्या काळात, १८५४ मध्ये, ती भंगाराच्या भावानं, दीडशे रुपयांना लिलावात गेली होती. मग कुणाला तरी सुबुद्धी सुचली आणि विक्री रद्द झाली. या तोफेचं तोंड म्हणजे जबडा वासलेला एक राक्षसी प्राणी आहे, आणि त्याच्या दातांत हत्ती अडकलाय.

आता विचार करा. निजामशाहीत ओतलेली तोफ, आदिलशाहीच्या बुरुजावर गेली, दातांत तोच हत्ती. हत्ती जर "शत्रूची शाही" असेल, तर तोफेचा मालक बदलला तेव्हा हत्तीचा अर्थ काय झाला?

जंजिऱ्याबद्दल तर माझं वाक्य अगदीच फसलेलं होतं. जंजिऱ्याचे सिद्दी आधी निजामशाहीच्या पदरी होते, मग आदिलशाहीच्या, आणि नंतर मुघलांच्या. ज्यांची चाकरी केली त्यांनाच दारावर पंजाखाली दाखवतील? तसं कुणी म्हणत असेल तर त्यानं पुरावा द्यावा. मी दिला नव्हता.

आणि "किल्ला मुळात आमचाच, कारण प्राणी पुराणातला" हेही तेवढंच लंगडं. तोफ ओतणारा रूमी पुराण वाचून जबडा घडवत बसला नव्हता. दख्खनमध्ये कानडी, मराठी, तेलुगू पाथरवट सगळ्यांकडेच काम करत. हत्तीवर झेप घेतलेला सिंह देवळांच्या दारांवर शेकडो वर्षं होता, कोणार्कला जाऊन बघा. सुलतानांच्या दरबारात सिंह इराणकडून आला होता. दोन्ही प्रवाह एकाच छिन्नीखाली भेटले. एका घरात त्याला शरभ म्हटलं, दुसऱ्या घरात शर्झा.

मग हत्तीच का? हे माझं मत आहे, पुरावा म्हणून घेऊ नका. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे मोठमोठे अणकुचीदार खिळे आठवतात? ते हत्तीसाठी. वेढा पडला की दरवाजा फोडायला हत्ती आणायचे, त्यानं कपाळानं धडक देऊ नये म्हणून खिळे. म्हणजे किल्ल्याच्या दाराला सगळ्यात मोठी भीती हत्तीची. मग दाराच्या वर काय कोराल? हत्तीला चेंडूसारखा धरणारा प्राणी. खिळा लाकडाला लावायचा, शरभ मनाला.

माझं हे म्हणणं चुकीचंही असू शकेल. पण निदान ते सगळ्या किल्ल्यांना सारखं लागू पडतं, मालक कोणीही असो.

पुन्हा त्या मेलकडे

मी त्या मुलीला हे सगळं लिहिलं. आधीचा भाग काढला नाही, पण त्याच्या सुरुवातीला दुरुस्ती जोडली आणि वर्णनात लिहिलं की हत्ती म्हणजे शाह्या हे विधान मी पुराव्याशिवाय केलं होतं. दोन्ही रीलवाल्यांना मेसेज केला. एकानं आवाज काढला. दुसऱ्यानं मला ब्लॉक केलं. ते रील अजून फिरतंय, माझ्याच आवाजात.

तिचं उत्तर आलं ते एवढंच: "थँक्यू दादा. माझे बाबा होडीवर असतात. ते पण पर्यटकांना शाह्यांचीच गोष्ट सांगायचे. आता म्हणतात, मग काय सांगू? मी त्यांना कुत्र्याची गोष्ट सांगितली, ती त्यांना आवडली. म्हणाले, ही पोरांना पण कळेल."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आणि थोडी लाजही वाटली. ती गोष्ट आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून आहे, आणि मी मात्र फॉरवर्ड वाचून दाखवत होतो.

कुत्र्याच्या त्या जिन्याकडे पुन्हा बघा. शैवांनी नरसिंहावर शरभ आणला, वैष्णवांनी शरभावर गंडभेरुंड. राजांनी हत्तीवर शरभ कोरला. आणि आता आपण त्या शरभाला रीलमध्ये घालून एकमेकांवर सोडतोय. प्रत्येक पायरीवर कुणीतरी घाबरलेलं आहे आणि समोरच्यापेक्षा मोठा प्राणी शोधतंय. भांडण संपलं की काय होतं तेही बघा. कर्नाटक राज्याचं बोधचिन्ह नीट झूम करून बघा: मध्ये गंडभेरुंड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, सिंहाचं अंग आणि हत्तीची सोंड असलेले दोन शरभ. पुराणात एकमेकांना फाडणारे आता सरकारी कागदावर शेजारी उभे आहेत. कुणाचीच हरकत नाही.

आणि जातकातला तो शरभ. तो एकटाच जिन्यावर चढला नाही. मागे शिकारी होता, भीती तर त्यालाही वाटली असणार. पण आवाज थांबल्यावर तो वळला आणि खड्ड्यापाशी परत आला. दारावर त्याचं शिल्प कुणी कोरत नाही, कारण दार राखायला तो कामाचा नाही. गोष्ट सांगायला मात्र कामाचा आहे.

तर मंडळी, पुढच्या वेळी गडावर जाल तेव्हा दरवाज्यापाशी दोन मिनिटं थांबा. वर बघा. प्राण्याला सुळे आहेत का, पंख आहेत का, एक तोंड आहे की दोन, पकडीत हत्ती किती, शेपटी कुठे वळलीय, हे मोजा. मूर्तीला हात लावू नका, खडूनं रेषा गिरवू नका, फक्त फोटो काढा. आणि कुणी "हा म्हणजे अमक्याला चिरडल्याची खूण" असं सांगितलं, तर त्या मुलीनं मला विचारलं तेच विचारा, आणि तेवढ्याच शांतपणे: हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मी सांगितलं असेल तर मलाही विचारा. पुढच्या भागात भेटूच. तोवर, काळजी घ्या!